अबाह्लाली बासेम्जोंडोलो

दक्षिण आफ्रिकेतील झोपडीवासीयांची ही चळवळ २००५ मध्ये डर्बन शहरात उभी राहिली. झुलू भाषेतील तिच्या नावाचा अर्थ ‘झोपड्यांत राहणारे लोक’ असा होतो. मुख्यतः भारतीय वंशाच्या लोकांची वस्ती असलेल्या क्लेअर इस्टेट भागात, बिसासर रोडच्या कचराडेपोला लागून, केनेडी रोड ही झोपडपट्टी आहे. तेथील रहिवाशांना घरांसाठी कबूल केलेली जमीन एका उद्योजकाला दिली गेल्याचे कळताच त्यांनी १९ मार्च २००५ रोजी रस्ता अडवला. पोलिसांनी १४ जणांना अटक केली. इतर वस्त्या जोडल्या गेल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चळवळीची रीतसर स्थापना झाली. स्बू झिकोडे हे तिचे प्रमुख नेते होत.

सत्ताधारी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने २००४ च्या निवडणुकीत सुमारे ७० टक्के मते मिळवली होती. वर्णद्वेषविरोधी लढ्यात वाढलेल्या अनेक नागरी समित्या तोवर या पक्षाच्या छत्राखाली गेलेल्या असल्याने, ज्या पक्षाने मुक्ती मिळवून दिली त्याच्याकडे दाद मागण्याचे स्वतंत्र व्यासपीठ गरिबांपाशी फारसे उरले नव्हते, आणि विरोध करणारा सहजच मुक्तीचा द्रोही ठरे. अशा स्थितीत मत नाकारणे हेच हत्यार झाले. भूमिहीनांच्या चळवळीने आधी दिलेली ‘जमीन नाही तर मत नाही’ ही हाक अबाह्लालीने ‘जमीन नाही, घर नाही, तर मतही नाही’ अशी वाढवली. सरकार २७ एप्रिल हा स्वातंत्र्यदिन साजरा करत असताना हे लोक ‘अस्वातंत्र्यदिन’ पाळतात. मतदानावरील बहिष्कार मात्र कायमचा राहिला नाही: २०१४ मध्ये चळवळीने डर्बन ज्या प्रांतात आहे त्या क्वाझुलू-नाताळमध्ये डेमोक्रॅटिक अलायन्स या प्रमुख विरोधी पक्षाला पाठिंबा दिला, आणि तिच्या डाव्या मित्रांना तो रुचला नाही.

चळवळीचा सर्वांत मोठा विजय न्यायालयातला आहे. क्वाझुलू-नाताळ प्रांताच्या २००७ च्या झोपडपट्टी निर्मूलन कायद्यातील १६ वे कलम जमीनमालकांना व पालिकांना रहिवाशांविरुद्ध निष्कासनाची कारवाई करण्यास भाग पाडू शकत होते. (‘निर्मूलन’ नेमके कशाचे, गरिबीचे की गरिबांचे, हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही.) १४ ऑक्टोबर २००९ रोजी घटनात्मक न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. त्याच्या अठरा दिवस आधीच, २६ सप्टेंबरच्या रात्री, केनेडी रोडवर सशस्त्र जमावाने हल्ला केला होता. त्यात दोघांचा मृत्यू झाला, नेत्यांची घरे उद्ध्वस्त झाली आणि झिकोडे यांना लपून राहावे लागले. खटला भरला गेला तो चळवळीशी संबंधित १२ जणांवर, आणि २०११ मध्ये ते सर्व निर्दोष सुटले.

घटनेचे २६ वे कलम न्यायालयाच्या आदेशाविना कोणालाही घराबाहेर काढण्यास मनाई करते. पण सरकारी घर कोणाला मिळणार आणि त्याच्या बांधकामाचे कंत्राट कोणाकडे जाणार, यावर वजन वॉर्डातल्या नगरसेवकाचे व पक्षशाखेचे पडते. संघर्षाची धार तिथे सर्वांत तीव्र असते. चळवळीच्या क्वान्डेंगेझी येथील अध्यक्षा थुली न्दलोवू यांची सप्टेंबर २०१४ मध्ये राहत्या घरी हत्या झाली. २०१६ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या दोन नगरसेवकांना आणि मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २०२१ च्या स्थानिक निवडणुकीत डर्बनच्या एथेक्विनी महापालिकेतील या पक्षाचे बहुमत गेले, तरीही २०२२ या एकाच वर्षात डर्बनमधील एखेनाना वस्तीत चळवळीचे तीन नेते मारले गेले.