वाळूने राखलं, पाण्याने घाई केली

नाईलच्या पश्चिम काठावर, आजच्या इजिप्त-सुदान सीमेला लागून फरास नावाची जागा होती. आता तिथे पाणी आहे. अस्वानच्या मोठ्या धरणाचा जलाशय १९६४ पासून भरू लागला आणि ती बुडाली. धरणाखाली गावं जाणं आपल्याला नवं नाही. पण इथे बुडण्याआधी जे हाती लागलं, त्याने आफ्रिकेच्या मध्ययुगाचा एक अख्खा कप्पा उघडला.

मध्ययुगात फरासचं नाव पाखोरास होतं. नोबादिया या नुबियन (नुबिया म्हणजे दक्षिण इजिप्त आणि उत्तर सुदानमधलं नाईलचं खोरं) राज्याचं हे तटबंदीचं शहर सहाव्या शतकात ख्रिस्ती झालं. युनेस्कोने नुबियातले अवशेष वाचवण्याची हाक दिली, तेव्हा पुरातत्त्वज्ञ काझिमिएश मिखावोव्स्की यांच्या पोलिश तुकडीच्या वाट्याला शहराच्या मधोमधची मोठी टेकडी आली. टेकडीच्या माथ्यावर अरब काळातल्या गढीचे अवशेष होते. खाली, १९६१ ते १९६४ दरम्यान वाळू उपसताना, निघालं कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च. भिंती चांगल्या उंच उभ्या आणि त्यांच्यावर दीडशेहून अधिक रंगीत चित्रं!

ती टिकली कशी? भित्तिचित्राचा खरा वैरी म्हणजे ओल. भिंतीतले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागाकडे येतात, पाणी सुकलं की तिथेच त्यांचे स्फटिक बनतात आणि रंगाचे पोपडे पाडतात. फरासला जवळजवळ पाऊसच नाही. शिवाय कोरड्या वाळूने भिंतींना आधार दिला आणि ऊनही लागू दिलं नाही. वाळवंट गावं गिळतं असं आपण म्हणतो. इथे त्याने राखण केली.

खरी कसोटी पुढे होती. चित्रं चिखलमातीच्या सुक्या गिलाव्यावर काढलेली. त्यांना पाण्यात कालवलेला गोंद लावला असता तर माती आणि रंग दोन्ही सुटले असते. म्हणून युझेफ गाझी या शिल्पकाराच्या देखरेखीखाली वेगळीच युक्ती वापरली गेली. चित्रावर पातळ जपानी कागद ठेवायचा, त्यावर मधमाश्यांचं मेण आणि राळ यांचं वितळलेलं मिश्रण लावायचं आणि गरम इस्त्रीने ते आत मुरवायचं. थंड झालं की रंग कागदाला घट्ट धरून राहतो. मग करवतीने गिलावा भिंतीपासून कापून काढायचा, फळीवर आडवा घ्यायचा आणि पेटीत भरायचा. कापूस, पेट्या, बोटी, आणि मागून चढत येणारं पाणी. एका चित्राखाली दुसरा गिलावा आणि त्यावर आणखी जुनं चित्र निघे. तिथे हा सगळा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून. अशी १२० हून अधिक चित्रं उतरवली गेली.

या थरांमुळेच काळ ठरवणं सोपं झालं. कॅथेड्रलच्या एका कोनाड्यात बिशपांची यादी लिहिलेली सापडली: २७ नावं, क्रमाने. काही बिशपांच्या मृत्यूची तारीख कोरलेले शिलालेखही मिळाले. तारखा इसवी सन २८४ पासून सुरू होणाऱ्या 'हुतात्मा शका'तल्या, म्हणजे २८४ मिळवले की जवळपास आपलं साल. बिशप मारियानोस १०३६ मध्ये वारला; त्याचा शिलालेख मात्र फरासला नाही, कसर इब्रिमच्या किल्ल्यात सापडला. आता फरासच्या भिंतीवरचं त्याचं चित्र तो पदावर असताना काढलेलं असेल, तर त्या गिलाव्याखालचं सगळं त्याच्याआधीचं. एका माणसाचं मरण अख्ख्या भिंतीचा काळ पक्का करतं, आणि मला ही मोहीम आवडते ती सोन्या-चांदीपेक्षा या हिशोबासाठी.

चित्रंही बघण्याजोगी आहेत. बिशप पेत्रोस सावळा दाखवला आहे, त्याच्यामागे उभे संत पीटर गोरे. चित्रकाराला स्थानिक माणूस आणि परका संत यांत फरक करावासा वाटला, हे मला फार बोलकं वाटतं. सगळ्यांत प्रसिद्ध आहे ती संत ॲना (मेरीची आई), जांभळ्या छटेच्या शैलीतली, ओठांवर बोट ठेवलेली. ती गप्प राहा म्हणतेय की मनातल्या मनात प्रार्थना करतेय, यावर अभ्यासकांचा वाद चालू आहे.

वाटणीत ६७ चित्रं वॉर्सॉच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे गेली. तिथलं दालन २०१४ मध्ये नव्याने मांडलं गेलं. बाकीची खार्टुमच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवली. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं आणि त्या संग्रहालयाची मोठी लूट झाली. उत्खननाच्या वेळी काढलेले फोटो आणि नकाशे म्हणूनच आज नुसत्या जुन्या फायली राहिलेले नाहीत.