बर्फनौकांचा वेगविक्रम

बर्फनौकांचा वेगविक्रम : गोठलेल्या सरोवरावर केवळ वाऱ्याच्या बळावर शिडाच्या नौकेने गाठलेला सर्वोच्च वेग. नौकेच्या आडव्या फळीच्या दोन्ही टोकांना पोलादी पाते असते. तिसरे पाते सुकाणूचे काम करते. पात्याखाली घर्षण जवळजवळ नसल्याने वेग वाढत जातो, तसा समोरून लागणारा वाराही वाढतो आणि शीड त्यातूनच आणखी ओढ मिळवते. त्यामुळे वाऱ्याच्या चौपट-पाचपट वेग शक्य होतो. जोराची झुळूक आली की वाऱ्याकडचे पाते बर्फावरून उचलले जाते आणि नौका दोनच पात्यांवर धावू लागते.

उगम बहुधा सतराव्या शतकातील नेदर्लंड्समध्ये. अमेरिकेत हडसन नदीवर हा छंद बहरला. तेथील जॉन रूझवेल्ट यांच्या सुमारे २१ मी. लांबीच्या ‘आयसिकल’ने १८७१ मध्ये काठावरील आगगाडीला मागे टाकल्याचे सांगतात.

सर्वाधिक उद्धृत होणारा आकडा ताशी २३० किमी. आहे. जॉन बकस्टाफ यांनी १९३८ मध्ये विस्कॉन्सिनमधील विनेबेगो सरोवरावर, ताशी ११५ किमी.च्या वाऱ्यात तो गाठला, अशी नोंद आहे. वाऱ्याच्या दुप्पट वेग बर्फनौकेसाठी असंभाव्य नाही. शंका दोन आहेत. त्या काळी आजची उपग्रहाधारित मोजणी नव्हती. शिवाय त्यांच्या नौकेचे सुकाणू मागे होते. अशा नौकेत जोराचा वारा नाक खाली दाबतो, मागचे पाते हलके होते, सुकाणूची पकड सुटते आणि नौका गरगर फिरते. पुढच्या टोकाला सुकाणू असलेल्या नौका १९३० च्या दशकात रुळल्या, त्यामागे हेच कारण होते. वादळी वाऱ्यात जुन्या घडणीची नौका सरळ राखणे हे विलक्षण धाडसच. तरीही हा आकडा मोजणीपेक्षा परंपरेत ठेवणे अधिक सुरक्षित वाटते.

तुलनेसाठी जमिनीवरील विक्रम पाहता येतात. रिचर्ड जेंकिन्स यांच्या ‘ग्रीनबर्ड’ने २००९ मध्ये नेव्हाडा-कॅलिफोर्निया सीमेजवळील कोरड्या सरोवरावर २०२.९ किमी., तर ग्लेन ॲशबी यांनी २०२२ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील गेर्डनर सरोवराच्या मिठावर सुमारे ४० किमी.च्या वाऱ्यात २२२.४३ किमी. वेग गाठला. दोघांची वाहने चाकांची होती. चाकांपेक्षा पोलादी पात्याला विरोध कमी, म्हणून बर्फावर याहून अधिक वेग मिळायला हवा.

जेंकिन्स यांनी बर्फासाठीही वाहन बांधले. अडचण असते ती बर्फाची. कित्येक किलोमीटर सलग, गुळगुळीत आणि काळसर पारदर्शक बर्फ हवा. त्यावर हिम पडण्याआधीच जोरदार वारा सुटायला हवा. वारा बहुधा हिमवादळाबरोबर येतो आणि पडणारे हिम एका रात्रीत तो बर्फ झाकून टाकते.