ओपनबीएसडीवरील पीएफ फायरवॉलची देखभाल : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपल्या कार्यालयातील नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामध्ये आम्ही बसवलेला संगणक ओपनबीएसडी या मुक्तस्रोत प्रणालीवर चालतो. येणारे-जाणारे प्रत्येक पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) तपासण्याचे काम त्या प्रणालीच्या कर्नेलमधील (गाभ्यातील) पीएफ, म्हणजे पॅकेट फिल्टर, ही फायरवॉल (नको ती वाहतूक अडवणारी यंत्रणा) करते. आधीची आयपीफिल्टर ही फायरवॉल परवान्याच्या वादामुळे २००१ मध्ये ओपनबीएसडीतून काढण्यात आली. तिच्या जागी डॅनियल हार्टमायर यांनी लिहिलेली पीएफ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालेल्या ३.० या आवृत्तीत दाखल झाली.

पीएफचे सर्व नियम एका साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहिलेले असतात. पॅकेटला लागू पडणाऱ्या नियमांपैकी शेवटचा नियम ग्राह्य धरला जातो. मात्र एखाद्या नियमात ‘क्विक’ हा शब्द असेल, तर तो लागू पडताच तपासणी तेथेच थांबते. कोणताच नियम लागू पडला नाही, तर पॅकेट आत सोडले जाते. म्हणूनच आमच्या प्रत्येक फाइलची सुरुवात सर्व वाहतूक अडवणाऱ्या नियमाने होते आणि आवश्यक तेवढेच मार्ग त्यापुढे खुले केले जातात. एखादी ओळ सोयीची वाटली म्हणून वर-खाली हलवल्यास अर्थ बदलतो, हे फाइल स्वतः हाताळणाऱ्या ग्राहकांनी कृपया ध्यानात ठेवावे.

फाइलमध्ये बदल केल्यावर ‘पीएफसीटीएल’ या आज्ञेने आधी केवळ तपासणी करावी आणि मगच नियम लागू करावेत. फाइलमध्ये लेखनाची चूक असल्यास नवे नियम लागू होत नाहीत, जुनेच चालू राहतात. खरी अडचण निराळी आहे. पीएफ प्रत्येक चालू जोडणीची नोंद आपल्या स्थिती-तक्त्यात ठेवते आणि त्या नोंदीत बसणारी पॅकेट नियमांकडे न पाठवता थेट सोडते. त्यामुळे नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचा दूरस्थ प्रवेश आपण नियमांतून काढून टाकला, तरी त्या वेळी चालू असलेली त्याची जोडणी तुटत नाही. ती वेगळ्या आज्ञेने तोडावी लागते. बदल दुरून केला असेल, तर हेच वैशिष्ट्य फसवेही ठरते : आपले स्वतःचे सत्र चालू आहे म्हणून सारे ठीक आहे असे वाटते, प्रत्यक्षात मात्र नव्या जोडणीला वाट बंद झालेली असते. याकरिता आमचे तंत्रज्ञ जुनी फाइल काही मिनिटांनी आपोआप परत लागू होईल अशी व्यवस्था आधी करतात आणि दुसरी, नवी जोडणी यशस्वी झाल्यावरच ती रद्द करतात.

नियमात एखाद्या संकेतस्थळाचे नाव लिहिले असल्यास त्याचा आयपी पत्ता फाइल लागू करतानाच शोधला जातो. पुढे तो पत्ता बदलला तरी पीएफला ते कळत नाही. ब्रॉडबँडचा पत्ता वरचेवर बदलत असल्यास नियमात पत्त्याऐवजी इंटरफेसचे (संगणकाच्या नेटवर्क-जोडणीचे) नाव कंसात लिहावे, म्हणजे नवा पत्ता आपोआप वापरला जातो.

लॉगमध्ये (पॅकेटच्या नोंदवहीत) केवळ ‘लॉग’ असे लिहिलेल्या नियमांचीच पॅकेट नोंदवली जातात. ही नोंद साध्या मजकुराच्या स्वरूपात नसल्यामुळे ती वाचण्यासाठी टीसीपीडम्प हे पॅकेट पाहण्याचे साधन वापरावे लागते. प्रत्येक नियम किती पॅकेटना लागू पडला याची मोजणीही पाहता येते. दीर्घकाळ शून्यावर असलेला नियम आम्ही आपल्याला विचारल्याशिवाय काढत नाही, कारण वर्षातून एकदाच, लेखापरीक्षणापुरता लागणारा मार्गही त्यात असू शकतो.

ओपनबीएसडीची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि सुरक्षा-दुरुस्त्या फक्त अलीकडच्या दोन आवृत्त्यांनाच मिळतात, म्हणजे वर्षभरापेक्षा जास्त काळ अद्ययावतीकरण लांबवता येत नाही. मधली आवृत्ती गाळून पुढे जाण्याची शिफारस प्रणालीचे निर्माते करत नाहीत. मधल्या काळातील दुरुस्त्या ‘सिसपॅच’ या आज्ञेने बसतात, त्या कर्नेलच्या असतील, तर संगणक पुन्हा सुरू करावा लागतो आणि तेवढा वेळ इंटरनेट बंद राहते. अशा कामासाठी सोयीची वेळ आपण लेखी कळवावी. त्या वेळी यंत्राजवळ मॉनिटर व कीबोर्ड उपलब्ध ठेवावा आणि यंत्रापर्यंत जाऊ शकेल अशी एक व्यक्ती कार्यालयात हजर असावी.