मिंडसेंटींच्या तारा आणि डॅन्यूबपलीकडची माणसं

हंगेरीतल्या कॅथलिक चर्चचे प्रमुख कार्डिनल मिंडसेंटी म्हटलं की बुडापेस्टच्या अमेरिकन वकिलातीत काढलेली 15 वर्षंच आठवतात, पण त्याआधीचं एक प्रकरण फारसं कुणी सांगत नाही, ते म्हणजे स्लोव्हाकियातल्या हंगेरियन लोकांसाठी त्यांनी केलेली धडपड.

मुळात घोळ पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीवर लादलेल्या 1920 च्या ट्रियानॉन तहाचा. बॉर्डर सरकली, माणसं जागच्या जागी राहिली आणि लाखो हंगेरियन चेकोस्लोव्हाकियात गेले. 1938 मध्ये जर्मनी-इटलीच्या मध्यस्थीने हंगेरीने दक्षिणेचा पट्टा परत मिळवला, दुसरं महायुद्ध हरल्यावर तो पुन्हा गेला, आणि प्राग, म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचं सरकार, म्हणायला लागलं की या हंगेरियन लोकांनीच देश फोडला. राग अगदीच हवेतला नव्हता हो, पण शिक्षा सरसकट सगळ्यांना! ऑगस्ट 1945 च्या चेकोस्लोव्हाकियाचे अध्यक्ष बेनेश यांच्या हुकमाने बहुतेकांचं नागरिकत्वच गेलं, पेन्शन बंद, हंगेरियन शाळा बंद.

पॉट्सडॅमला दोस्त राष्ट्रांच्या 1945 च्या परिषदेत जर्मनांना हाकलायला मंजुरी मिळाली, हंगेरियन लोकांना हाकलायला नाही, म्हणून फेब्रुवारी 1946 मध्ये अदलाबदलीचा करार झाला. त्यातली गंमत बघा, हंगेरीतले स्लोव्हाक जाणार स्वखुशीने आणि तिकडचे हंगेरियन कोण जाणार ते प्रागवाले ठरवणार. तेही लवकर होईना, मग नोव्हेंबरपासून ऐन थंडीत 40 हजारांवर लोकांना, अगदी बायकापोरांसकट, रेल्वेने चेक भागात शेतमजुरीला नेलं.

मिंडसेंटींची आर्चबिशपपदाची गादी हंगेरीतल्या एस्टरगोमला, समोर डॅन्यूब नदी, पलीकडच्या काठावर हंगेरियन वस्तीचं पार्कानी, मधला पूल युद्धात उडालेला. हंगेरीचं सरकार पराभूत देशाचं, वर सोव्हिएत फौजा, त्यामुळे बोलणार किती. मिंडसेंटींनी मात्र 1947 च्या सुरुवातीला थेट अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन आणि ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज यांना तारा केल्या. माझ्या मते पत्ता बरोबर होता पण वेळ चुकलेली, कारण 10 फेब्रुवारीला हंगेरीबरोबरच्या पॅरिसच्या शांतता तहावर सह्या झाल्या, त्यात अल्पसंख्याकांसाठी संरक्षण तर नाहीच, उलट ब्रातिस्लाव्हाजवळची 3 गावं अजून गेली. एप्रिलमध्ये अदलाबदल सुरू झाली.

नागरिकत्व परत मिळालं ऑक्टोबर 1948 मध्ये, तेही तारांमुळे नाही, दोन्हीकडे कम्युनिस्ट आले आणि अचानक भाऊभाऊ झाले म्हणून. दोनच महिन्यांनी, 26 डिसेंबरला, मिंडसेंटींना अटक झाली आणि अमेरिकन वकिलातीशी केलेला त्यांचा पत्रव्यवहारच खटल्यात पुरावा म्हणून पुढे आला.