गंजायला मोकळी सोडलेली भिंत

आमच्या घरातली विळी आजीच्या वेळची आहे. पावसाळ्यात रात्री तिचं पातं पुसायचं राहून गेलं की सकाळी त्यावर तांबूस ठिपके उमटलेले असतात. मग राखेनं घासायचं, कोरडं करायचं, वर खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. लोखंड आणि ओल यांचं हे भांडण ज्याच्या घरात विळी, अडकित्ता किंवा बिडाचा तवा आहे त्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यामुळे पाटण्याच्या बेली रोडवरच्या बिहार संग्रहालयाची गोष्ट पहिल्यांदा कळते तेव्हा माणूस थबकतोच. या इमारतीच्या बाहेरच्या भिंतींचा मोठा भाग पोलादी पत्र्यानं मढवलेला आहे, त्या पत्र्याला रंग दिलेला नाही आणि तो गंजू दिलेला आहे. मुद्दाम, पूर्ण विचारांती.

इमारतीचा आराखडा जपानचे वास्तुविशारद फुमिहिको माकी यांच्या कार्यालयाचा, आणि त्यांच्या जोडीला भारतातलं काम पाहायला मुंबईची ‘ओपोलिस’ ही संस्था. माकींना १९९३ साली वास्तुकलेतला मानाचा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला होता. २०२४ मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले. पाटण्याच्या या इमारतीसाठी जगभरातल्या नामांकित संस्थांमध्ये स्पर्धा झाली होती, आणि त्यातून माकींची निवड झाली. २०१५ च्या ऑगस्टमध्ये मुलांचा विभाग आणि काही भाग खुला झाला, तर मुख्य दालनं २०१७ च्या गांधी जयंतीला. जागा सुमारे १३ एकर, बांधकाम सुमारे २५ हजार चौरस मीटर. उंची बेताची, कारण जागेवर जुनी झाडं होती आणि ती राखायची होती.

आता त्या गंजाकडे येऊ.

लोखंड, प्राणवायू आणि पाणी एकत्र आलं की गंज तयार होतो. त्यात खरी खोड आहे ती आकारमानाची. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट किंवा त्याहून जास्त जागा व्यापतो. तो फुगतो, त्याला तडे जातात, खपल्या पडतात. खपली पडली की खालचं ताजं लोखंड उघडं पडतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून साधा लोखंडी पत्रा वर्षागणिक पातळ होत जातो आणि एके दिवशी बोट आरपार जातं.

संग्रहालयाला वापरलेलं पोलाद वेगळ्या जातीचं आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात ते बाजारात आलं आणि ‘कॉर-टेन’ या नावानं ओळखलं जाऊ लागलं. त्यात तांबं, क्रोमियम, निकेल, फॉस्फरस असे धातू-अधातू अगदी थोडे मिसळलेले असतात, सगळे मिळून दोन-तीन टक्क्यांच्या आसपास. गंज यालाही चढतो. पण पाऊस आणि ऊन, ओल आणि कोरड अशी आलटूनपालटून आवर्तनं झाली की गंजाच्या आतल्या थरात या मिसळलेल्या द्रव्यांमुळे फार बारीक, घट्ट विणीचे कण बसत जातात. त्या विणीतून पाणी आणि प्राणवायू आत शिरायला वाटच उरत नाही. काही वर्षांत गंजण्याचा वेग इतका मंदावतो की वरचा गंज हाच खालच्या पोलादाचा रंग होऊन बसतो. सुरुवातीला केशरी, मग तपकिरी, शेवटी जांभळट-काळपट.

मात्र त्यासाठी पत्रा वाळायला हवा. सतत ओला राहिला, पानांचा कचरा खाचेत साचून कुजत राहिला, तर घट्ट थर बसतच नाही आणि हे पोलादही साध्या पत्र्यासारखं झडतं. दुसरा वैरी मीठ. समुद्रावरून येणाऱ्या हवेतलं क्लोराइड त्या विणीत घुसून ती उसवतं. त्यामुळे हाच पत्रा कुणी रत्नागिरीत किंवा अलिबागेत किनाऱ्याजवळ लावायचा म्हणेल तर त्याला हात जोडून थांबवावं. आपल्याकडे खिडकीच्या गजांचं काय होतं ते कोकणातल्या कुठल्याही घरमालकाला विचारा. पाटणा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. चार महिने पाऊस, थंडीत दाट धुकं, पण एप्रिल-मे मध्ये अंग भाजणारी कोरडी लू. ओल आणि कोरड यांचं हवं तसं आवर्तन निसर्गच करून देतो. जागेचा असा विचार करून निवडलेलं साहित्य मला इमारतीच्या आकारापेक्षा जास्त भावतं.

या निवडीमागे धातूकामाच्या भारतीय परंपरेला मान देण्याचाही विचार होता, आणि तो वरवरचा नाही. दिल्लीत मेहरौलीला उभा असलेला लोहस्तंभ सगळ्यांना माहीत आहे. सुमारे सात मीटर उंच, सहा टनांहून जड, सोळाशे वर्षं उघड्यावर. त्यावर ज्या ‘चंद्र’ राजाचा लेख आहे तो दुसरा चंद्रगुप्त असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे पाटलिपुत्राशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या गुप्तांपैकीच. हा स्तंभ का झडला नाही याचा छडा आयआयटी कानपूरच्या रामामूर्ती बालसुब्रमण्यम यांनी लावला. त्या काळी लोणारी कोळशावर लोखंड गाळताना भट्टीत चुनखडी टाकत नसत, त्यामुळे खनिजातला फॉस्फरस लोखंडातच राहून गेला. त्या फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर एक पातळ, चिवट थर तयार झाला आणि त्यानं आतलं लोखंड सांभाळलं. पाटण्याच्या भिंतीवर चालतं ते याचंच भावंड म्हणता येईल असं रसायन.

बाहेर ही अशी मोकळीक. ऊन, पाऊस, वर्षं, सगळ्यांनी येऊन आपली खूण उमटवावी. आत मात्र नेमकं उलट काम करायचं आहे, कारण आत ज्या वस्तू आहेत त्यांच्यावर आता एकही नवी खूण उमटलेली चालणार नाही. मला ही इमारत वाचायची किल्ली इथेच सापडते. बाहेरच्या भिंतीपासून काचपेटीपर्यंत जाताना काळाचा वेग टप्प्याटप्प्यानं कमी करत न्यायचा, असं तिचं काम आहे.

आपल्याला हे नवीन नाही. जुन्या वाड्यात अंगणातून ओसरीवर, ओसरीतून माजघरात, तिथून देवघरात जाताना उजेड उतरत जातो, हवा गार आणि स्थिर होत जाते. लोणच्याच्या बरण्या आणि धान्याची कणगी वाड्याच्या पोटात ठेवत, दारापाशी नाही. संग्रहालयशास्त्रात याच तत्त्वावर ‘पेटीत पेटी’ अशी रचना करतात. इमारत ही पहिली पेटी, दालन दुसरी, काचपेटी तिसरी. बाहेर आर्द्रता दिवसात तीस-चाळीस टक्क्यांनी वरखाली झाली तरी दालनात ती थोडीच हलते, आणि घट्ट बसवलेल्या काचपेटीत, तळाशी ओल शोषणारं सिलिका जेल ठेवलेलं असेल तर, जवळजवळ हलतच नाही. वीज गेली, यंत्रणा बंद पडली तरी काही तास हाताशी राहतात. लाकूड, हस्तिदंत, कापड यांना एकदम झालेला बदल सोसत नाही. फुगणं-आकसणं सारखं चाललं की रंगाचे पापुद्रे सुटतात.

त्यात प्रत्येक वस्तूची प्रकृती निराळी. गया जिल्ह्यातल्या कुर्किहार गावी १९३० मध्ये दोनशेहून अधिक कांस्यमूर्तींचा ठेवा सापडला. पाटण्याच्या संग्रहाचं ते एक वैभव. जमिनीत पुरल्या गेलेल्या कांस्याच्या अंगात कधी कधी क्लोराइड मुरलेलं असतं. हवेत ओल वाढली की ते जागं होतं आणि मूर्तीवर फिकट हिरवी भुकटी फुटायला लागते. या रोगाला कांस्यरोग असंच म्हणतात, आणि त्यावर पथ्य म्हणजे हवा कोरडी ठेवणं. पण त्याच कोरड्या हवेत ताडपत्र ठिसूळ होतं, लाकूड फाटतं. एकाच छताखाली सगळ्यांना एकच हवा देता येत नाही. किनाऱ्यावर पोलादाची वीण उसवणारं क्लोराइड आणि मूर्तीच्या पोटातलं हे क्लोराइड, शत्रू एकच.

उजेडाचंही तसंच. उजेड लक्स या एककात मोजतात. भर दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. जुन्या चित्रांसाठी आणि कापडासाठी दालनात ५० लक्सची मर्यादा पाळतात. रंग उडतो तो एकूण पडलेल्या उजेडामुळे, म्हणजे तीव्रता गुणिले तास. वर्षातले ३०० दिवस, रोज आठ तास ५० लक्स, याचा गुणाकार १ लाख २० हजार. तेवढाच उजेड भर दुपारच्या उन्हात चित्र सव्वा तास ठेवलं तर पडेल. दगडाला याची पर्वा नाही. म्हणून पाषाणमूर्तींच्या दालनात दिवसाचा उजेड घेता येतो आणि चित्रांच्या दालनात घेता येत नाही.

आता पाहुण्याच्या डोळ्यांचं बघा. बेली रोडवरच्या लखलखत्या उन्हातून थेट ५० लक्सच्या खोलीत माणूस शिरला तर त्याला काळोखच दिसेल. डोळ्याला मंद उजेडाची सवय व्हायला पाच-दहा मिनिटं लागतात. माकींचा उपाय इथे कामाला येतो. त्यांनी एकच मोठा ठोकळा न बांधता प्रवेश, प्रदर्शन, मुलांचा विभाग, कार्यालय अशी वेगवेगळी घरं एका आवारात मांडली आणि ती चौकांनी, पडव्यांनी, मार्गिकांनी जोडली. उन्हातून पडवी, पडवीतून दालन, दालनातून पुन्हा झाडाचा चौक, असं चालताना डोळा आपोआप तयार होत जातो.

चौकांचा दुसरा उपयोग पायांना आणि डोक्याला. १९१६ मध्ये बॉस्टनच्या कलासंग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी ‘संग्रहालयाचा शीण’ या विषयावर लेख लिहिला. एका माणसाला वेगवेगळ्या काचपेट्यांपुढे उभं करून, काही प्रश्नांची उत्तरं त्या वस्तूंमधून शोधायला सांगितली आणि तो कसा वाकतो, कसा उकिडवा बसतो, मान कशी वेळावतो याची छायाचित्रं काढली. दोष मांडणीत होता हे त्या चित्रांतून सगळ्यांना दिसलं. पुढच्या अभ्यासांतही हेच आढळलं की अर्ध्या-पाऊण तासानंतर माणसाचं लक्ष विरळ होतं आणि तो पेट्यांवरून नजर फिरवत दाराकडे चालू लागतो. बिहारचा इतिहास अश्मयुगापासून सुरू होतो. मगध, मौर्य, गुप्त, पाल ओलांडत या संग्रहालयाची कथा १७६४ च्या बक्सरच्या लढाईपर्यंत येते. एवढा पल्ला एका दमात चालवणं अन्यायाचं आहे. मधल्या चौकात पाच मिनिटं आकाश बघितलेला माणूस पुढच्या दालनात नव्या नजरेनं शिरतो. इथून ९० किलोमीटरवरच्या नालंदा महाविहारातही मध्ये चौक आणि भोवती खोल्या, अशीच मांडणी होती. दिवसभर पोथी वाचणाऱ्यांनाही आकाश लागतंच.

जमिनीबद्दल मात्र काळजी वाटते, आणि ती सांगायला हवी. पाटणा गंगेच्या गाळावर बसलेलं आहे, आणि तो गाळ शेकडो मीटर जाड आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहार-नेपाळचा भीषण भूकंप झाला तेव्हा पाण्यानं भरलेली वाळू हादऱ्यानं चक्क पातळ झाली आणि मोठ्या पट्ट्यात घरं खचली. मऊ गाळात भूकंपाच्या लाटा मोठ्या होतात. अशा जमिनीवर बुटक्या, सुट्या, मध्ये फट ठेवलेल्या इमारती एका लांबलचक वाकड्या इमारतीपेक्षा बऱ्या, कारण प्रत्येकीला आपापलं हलता येतं. पण पुतळ्यांचं काय? या संग्रहालयाची शान म्हणजे दीदारगंजची यक्षी. १९१७ मध्ये गंगाकाठच्या दीदारगंजला सापडलेली, चुनारच्या वालुकाश्मातली, सव्वापाच फुटांच्या आतबाहेर उंचीची. उजव्या हातात चौरी, डावा हात तुटलेला, पोटावरच्या हलक्या वळ्याही दिसाव्यात इतकं जिवंत काम, आणि अंगावर आरशासारखी झिलई. ती मौर्यकाळातली की नंतरची यावर वाद आहे. जड दगड, अरुंद तळ. अशी मूर्ती कडेकोट आवळून बसवली तर हादरा घोट्यातून आरपार जातो. तळाला थोडं सरकू देणारी बैठक दिली तर हादऱ्याचा बराच जोर तिथेच जिरतो. जगभर भूकंपप्रवण संग्रहालयांत अशा बैठका वापरतात. जमीन अशी असलेल्या प्रत्येक संग्रहालयात हा खर्च पहिल्या यादीत असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

या गाळाची दुसरी बाजूही आहे. पाटण्यातच बुलंदीबागेत उत्खननात पाटलिपुत्राच्या लाकडी तटाचे ओंडके सापडले, दोन हजार वर्षांहून जुने. लाकूड इतकी वर्षं टिकलं कारण पाण्यानं भरलेल्या चिखलात प्राणवायू पोचत नाही, आणि त्यावाचून लाकूड कुजवणारी बुरशी जगत नाही. कुम्हरारला मौर्यांच्या खांबांचं दालन १९१२ नंतरच्या उत्खननात उजेडात आलं. त्या कामाला पैसा मुंबईच्या सर रतन टाटांनी दिला होता. एकूण ऐंशी खांबांच्या जागा मिळाल्या. पुढे तिथे भूजल वर चढू लागलं, उघडी जागा वर्षातले कित्येक महिने पाण्यात राहायला लागली, सुकली की पुन्हा भिजायला लागली. तेव्हा ती जागा माती आणि वाळूनं परत झाकून टाकली. त्यानंतर कित्येक वर्षं तिथे वर गवतच होतं, आणि एक झिलईदार खांब बाहेर काढून बाजूला ठेवलेला होता.