कडक हाड आणि चिवट हाड

भार पडल्यावर हाड जितकं कमी वाकेल तितकं ते कडक. आणि तुटण्याआधी ते जितकी जास्त ऊर्जा पचवेल तितकं चिवट. कॅल्शियमच्या गोळ्यांच्या जाहिराती हे दोन्ही गुण 'मजबुती'त एकत्र कोंबतात. प्रत्यक्षात एका मर्यादेपुढे दोघांचं पटत नाही. एक वाढला की दुसरा घटतो.

हे सर्वांत स्वच्छ दिसतं ते ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन करी यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत. त्यांनी तीन हाडं घेतली: लाल हरणाचं शिंग, गाईच्या मांडीचं हाड आणि फिन व्हेल या देवमाशाच्या कानाजवळचं फुगीर हाड. (हरणाचं शिंग खरोखरच हाड असतं, दरवर्षी गळून नव्यानं येणारं. गाईच्या शिंगाचं बाहेरचं आवरण मात्र नखाच्याच जातीचं, केराटिनचं.) खनिजाचं प्रमाण शिंगात ५९ टक्के, मांडीत ६७ आणि कानाच्या हाडात ८६ टक्के भरलं. कडकपणाही त्याच क्रमानं चढत गेला: ७.४, १३.५ आणि ३१.३ गिगापास्कल.

मग हाड तडकवायला लागणारी ऊर्जा मोजली आणि क्रम पार उलटला. तुटलेल्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला शिंगासाठी सुमारे ६,२०० ज्यूल लागले, मांडीच्या हाडासाठी १,७०० आणि कानाच्या हाडासाठी जेमतेम २००. वाकवून मोडताना सर्वांत जास्त ताण सोसला तो मात्र मधल्या, मांडीच्या हाडानं.

ज्याचं काम जसं, तसं त्याचं हाड. माजावर आलेले नर एकमेकांना भिडतात तेव्हा शिंग थोडं लवलं तर बिघडत नाही, तुटलं तर संपलंच. मांडीचं हाड असं लवून चालणार नाही, स्नायूंचा जोर वाकण्यातच वाया जाईल. देवमाशाच्या कानाच्या हाडावर तर कसलाच भार नसतो. त्याला आवाजासाठी जड आणि कडक राहायचं असतं, ठिसूळ असलं तरी कोण धक्का मारायला जातंय?

दोन्ही गुणांचा उगम एकाच बांधणीत आहे. हाड म्हणजे कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू आणि त्यांच्यात रुतलेले कॅल्शियम फॉस्फेटचे सूक्ष्म स्फटिक. स्फटिक कडकपणा देतात. तंतू तड्याच्या दोन्ही काठांना धरून ठेवतात, आणि थरांच्या सांध्यांवर तडा वळतो, फाटे फुटून थकतो. खनिज वाढत गेलं की तंतूंना ताणायला, सरकायला वाव उरत नाही आणि तडा सरळ आरपार जातो. कोंबडीच्या तंगडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा: खनिज विरघळतं आणि उरलेलं हाड रबरासारखं वाकतं. उलट, जाळलेल्या हाडातला कोलॅजेन गेलेला असतो, ते बोटांनी चुरता येतं.

लहान मुलांच्या हाडात खनिज मोठ्यांपेक्षा कमी असतं. म्हणून पडल्यावर त्यांचं हाड बरेचदा ओल्या फांदीसारखं एका बाजूला तडकतं आणि दुसऱ्या बाजूला नुसतं वाकतं.

डेक्सा तपासणी खनिजाची घनता मोजते. ती उपयोगाचीच आहे, पण कोलॅजेनची अवस्था तिला दिसत नाही. हा फरक महागात पडू शकतो. अमेरिकेत हाडं विरळ झालेल्या २०२ स्त्रियांना चार वर्षं कॅल्शियम दिलं, आणि त्यातल्या निम्म्यांना जोडीला सोडियम फ्लोराइडही. १९९० साली निष्कर्ष आले. फ्लोराइड घेणाऱ्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता ३५ टक्क्यांनी वाढली होती, पण मणक्यांचे फ्रॅक्चर लक्षणीय कमी झाले नव्हते. मणक्यांव्यतिरिक्त इतर हाडांचे तर उलट वाढले होते.