नुसतं कोल्हापूर की कोल्हापूर आणि मालवण?

"कोल्हापूरला चाललोच आहोत, तर खाली मालवणही करून येऊ," असं घरात हमखास कुणीतरी म्हणतं. अंतर दीडशेच्या आसपास किलोमीटर, म्हणून मालवण ही कोल्हापूरची शेपटी वाटते. पण या दोन वेगळ्या सहली आहेत. हातात दोनच रात्री असतील तर नुसतं कोल्हापूर करा, हे माझं ठाम मत.

पहाटे अंबाबाई, मग भवानी मंडप, तिथून पायी खासबाग मैदान, दुपारी न्यू पॅलेस, एवढं एका दिवसात उरकतं. उरकत नाही ते संध्याकाळनंतरचं. रंकाळ्यावर वारा खाऊन गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जा. म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढतात आणि फेसाळलेला पेला कोमट असतानाच हातात येतो. दूध न तापवताही ऊन असतं, हे आमच्या मुलीला तिथं कळलं. कितीतरी वेळ ती पेला दोन्ही हातांत धरून उभी होती. दुसरा दिवस पन्हाळ्याला द्या. आणि नोव्हेंबरात किंवा जानेवारीच्या अखेरीस जाणार असाल तर किरणोत्सवाच्या तारखा आधी बघा. मावळतीची किरणं गाभाऱ्यात शिरून देवीच्या पायांपासून वर चढतात. ऐनवेळी ढग आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागतं, म्हणून एखादी संध्याकाळ हाताशी ठेवावी.

मालवण जोडलं की सगळं वेळापत्रकच बदलतं. राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट, कणकवली करत उतरायला अर्धा दिवस जातो. घाटात मुलांना गाडी लागली तर आणखी वेळ. आम्ही एकदा तीन दिवसांत दोन्ही कोंबलं. धक्क्यावर पोचलो तेव्हा सिंधुदुर्गाची शेवटची होडी गेलेली. शिवाजी महाराजांनी १६६४ साली ज्याचं काम सुरू केलं, चहूकडे खारं पाणी असून ज्याच्या पोटात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, तो किल्ला आम्ही किनाऱ्यावरूनच पाहिला. दुसऱ्या सकाळी रापण ओढायला माणसं दोराला लागली होती, आणि जाळ्यात काय आलं ते बघण्याआधीच आम्हाला निघावं लागलं. त्याची हळहळ अजून आहे.

चार रात्री मिळत असतील तर मात्र दोन्ही करा. दोन वर, दोन खाली, आणि आधी कोल्हापूर. समुद्रात डुंबून आल्यावर राजवाडा बघत फिरायला कुणाचे पाय उचलत नाहीत. पावसाळ्यात खाली उतरू नका. किल्ल्याच्या होड्या तेव्हा बंद असतात. मुंबईकरांना या क्रमाचा आणखी एक फायदा आहे: परतताना कुडाळहून कोकण रेल्वे पकडली की घाट पुन्हा चढायला नको.